चौकातलं संगीत घड्याळ: जे सोलापुरात दुरुस्त होईल तेच आत बसवा

प्रश्न असा आहे. शहरातल्या एका संस्थेला सोलापुरात मोकळ्या जागी संगीत घड्याळ उभारायचं आहे, व्हिएन्नातल्या प्रसिद्ध घड्याळाच्या धर्तीवर. तासाला सूर वाजावेत आणि सोलापूरच्या इतिहासातली माणसं एकामागून एक समोरून जावीत, अशी कल्पना. मूर्ती किती असाव्यात, त्या हलवायच्या कशा, संगीत कोणतं ठेवावं आणि हे सगळं किती वर्षं टिकेल, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरूनच ठरतात. असं घड्याळ किती वर्षं चालेल हे त्याच्या किमतीवर ठरत नाही. आतली वस्तू बिघडली की ती गावातलाच माणूस गावातल्याच सामानावर दुरुस्त करू शकतो की नाही, यावर ठरतं. मी आधी यंत्रमागांवर फिटर होतो, नंतर मनोऱ्यावरच्या घड्याळांच्या दुरुस्तीत आलो. दाते झिजून बंद पडलेलं सार्वजनिक घड्याळ मला फार क्वचित दिसलं. बंद पडलेल्या बहुतेक घड्याळांत लोखंड-पितळ ठणठणीत असतं; गेलेली असते एखादी छोटी वस्तू, जी बनवणारा दूरच्या शहरात होता आणि आता फोन उचलत नाही. म्हणून माझा पहिला नियम: जे सोलापुरात मिळत नाही आणि सोलापुरात दुरुस्त होत नाही, ते आत बसवायचं नाही. बसवणं भागच असेल तर पहिल्याच दिवशी एकाच्या जागी दोन नग घ्यायचे आणि दुसरा कपाटात ठेवायचा.

आता व्हिएन्नाच्या घड्याळाकडे येऊ. होहर मार्क्ट या चौकात ‘आंकर’ नावाच्या विमा कंपनीच्या दोन इमारतींना जोडणारा एक पूल आहे, त्यावर ते बसवलेलं आहे. फ्रान्झ मात्श या चित्रकाराच्या आराखड्यावरून ते १९११ ते १९१४ या काळात बांधलं गेलं. त्याला आपल्या ओळखीचे काटे नाहीत. बारा तासांसाठी व्हिएन्नाच्या इतिहासातल्या बारा मूर्ती किंवा जोड्या आहेत. एक वाजता रोमन सम्राट मार्कुस ऑरेलियस, अकराला राणी मारिया तेरेसा आणि तिचा नवरा, बाराला संगीतकार हायडन. ज्या मूर्तीचा तास चालू असतो ती पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे साठ मिनिटांत सरकते. डोक्याशी तासाचा आकडा असतो आणि वरच्या पट्टीवर मिनिटांच्या खुणा. म्हणजे मूर्ती हाच काटा. दुपारी बाराला मात्र बाराही जण ओळीने जातात आणि प्रत्येकाबरोबर संगीत वाजतं.

यातली शिकण्याची गोष्ट मूर्तींच्या सौंदर्यात नाही, ती मागच्या चक्रात आहे. हात वर करणं, मान वळवणं, तलवार फिरवणं असलं काहीही त्या मूर्ती करत नाहीत. फिरतं एकच चक्र, एकाच दिशेने. प्रागच्या जुन्या घड्याळात खिडकीत दिसणारे येशूचे बारा शिष्यही खिडकीमागच्या फिरत्या चाकांवरच उभे आहेत. म्युनिकच्या नगरभवनावर १९०८ पासून ३२ मूर्ती आणि ४३ घंटा आहेत. तिथे घोडेस्वारांची झुंज चालते, पिंपं बनवणारे कारागीर नाचतात. ते पाहून आपल्याकडच्या मंडळींना मोह होतो. पण त्या नगरभवनामागे शंभर वर्षांची देखभालीची सवय आहे. मूर्तीच्या प्रत्येक हलत्या सांध्यामागे एक बेअरिंग आहे, एक तार आहे आणि शिडी लावून तिथवर पोचणारा एक माणूस आहे. सांधे कमी तेवढं घड्याळ दीर्घायुषी.

व्हिएन्नाची एक गोष्ट मात्र घेऊ नका: मूर्तीवरून वेळ वाचायला लावणं. सात रस्ता चौकाकडून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला क्षणभर मान वर करून वेळ कळली पाहिजे. त्यासाठी बाजूला साधी तबकडी, दोन काटे. तिचा आकार ठरवायची जुनी पद्धत अशी: जमिनीपासून दर दहा फूट उंचीला एक फूट व्यास. चाळीस फुटांवर तबकडी असेल तर चार फुटांपेक्षा लहान करू नका.

तबकडी वेगळी ठेवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एका तालुक्याच्या गावी मला मूर्तींचं घड्याळ बघायला बोलावलं होतं. काटे आणि मूर्ती एकाच मोटरवर होत्या. संक्रांतीतला मांजा मूर्तीच्या दांड्याभोवती गुंडाळला गेला होता, त्यात कबुतरांची पिसं आणि वाळलेलं ग्रीस मिसळून मुठीएवढा गोळा तयार झाला होता. दांडा अडकला, मोटर जळली आणि त्याबरोबर काटेही थांबले. मूर्ती थांबल्या असत्या तर गावाने चालवून घेतलं असतं. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मात्र कोणी सहन करत नाही. सहा महिन्यांत त्यावर जाहिरातीचा फलक लागला.

जुन्या मनोऱ्याच्या घड्याळात म्हणूनच तीन स्वतंत्र रचना असतात: एक काटे चालवणारी, एक टोल देणारी, एक सूर वाजवणारी. तिघींची वजनं वेगळी, चावी वेगळी. काट्यांची रचना तासाच्या ठोक्याला फक्त एक खटका सोडते. पुढचं काम दुसरीने स्वतःच्या ताकदीवर करायचं. तुम्ही मोटरी वापरा, वजनं वापरा, काहीही करा. ही विभागणी मोडू नका. मूर्ती अडकल्या तरी सूर वाजले पाहिजेत, सूर बंद पडले तरी काटे चालले पाहिजेत.

काट्यांच्या बाबतीत माझा जुन्याचा हट्ट नाही. लंबकाचं घड्याळ मला जीव की प्राण आहे, पण सोलापूरचा उन्हाळा त्याला मानवत नाही. सेकंदाला एक हेलकावा देणारा लंबक सुमारे ९९ सेंटीमीटर लांब असतो. त्याचा दांडा साध्या पोलादाचा असेल तर तापमान एक अंशाने वाढलं की घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. आपल्याकडे डिसेंबर आणि मे यांच्या सरासरी तापमानात दहा अंशांच्या आसपास फरक असतो, म्हणजे दिवसाला पाच सेकंद, महिन्याला अडीच मिनिटं. पत्र्याच्या खोलीत याहून जास्त. दर ऋतूला लंबकाचा नट फिरवणारा जाणकार तुमच्याकडे असेल तर जरूर लंबक घ्या. नसेल तर उपग्रहावरून वेळ घेणारं साधं मास्टर घड्याळ घ्या, आणि वर म्हटलं तसं दोन नग घ्या.

मूर्तींच्या चक्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. चक्र आडवं, मधला दांडा उभा. सगळा भार खाली एका मोठ्या थ्रस्ट बेअरिंगवर. मूर्ती समोरासमोर सारख्या वजनाच्या हव्यात. एका बाजूला एकटी स्त्री आणि समोर चौघांचा गट असेल तर हलक्या बाजूला चक्राखाली शिसं लावून तोल साधावा लागतो, नाहीतर बेअरिंग एकाच बाजूने खाल्लं जातं. वेग मी सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या वर नेत नाही. चार मीटर रुंदीच्या कमानीतून मूर्ती चाळीस सेकंदांत जाते. खालच्या मुलाला ‘हे कोण?’ असं विचारायला आणि आईला उत्तर द्यायला तेवढा वेळ पुरतो. चक्र सुरू होताना आणि थांबताना वेग हळूहळू चढला-उतरला पाहिजे. तो एकदम तुटला की उंच मूर्तीची मान डुलते आणि मग इतिहासपुरुषाचं गांभीर्य जातं. महिन्याभरात त्याच झटक्यांनी घोट्यापाशी तडाही जातो.

वीज जाण्याचा विचार आधीच करा. वीज गेली तेव्हा चक्र अर्ध्यात थांबलेलं असतं; आल्यावर आपण कुठे आहोत हे त्याला कळलं पाहिजे. त्यासाठी चक्राच्या काठाला एक ठरलेली खूण आणि तिला लागणारा लिमिट स्विच पुरेसा आहे. वीज आली की चक्राने आधी हळू फिरून ती खूण गाठायची, मग पुढच्या तासाची वाट पाहायची. राहून गेलेले कार्यक्रम भरून काढायला लावू नका. तीन तासांनी वीज आल्यावर ओळीने तीन मिरवणुका काढणारं घड्याळ लोकांना भंडावून सोडतं.

मूर्ती पोकळ तांब्याच्या पत्र्याच्या असाव्यात असं माझं मत. फायबर स्वस्त आणि हलकं, पण आपल्या उन्हात त्याचा रंग काही वर्षांत पांढुरका होतो आणि पृष्ठभाग हाताला पूड लागावी तसा सुटतो.

आता संगीत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण भोंग्यातून रेकॉर्ड वाजवायची म्हणतात. सोलापूरचा दिवस एके काळी गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. १८७७ ची जुनी मिल, नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. घराघरांतली चूल, पाळी, शाळा त्या आवाजावर ठरत. तो आवाज एका जागी जन्मायचा आणि सगळ्या गावात जायचा, म्हणून तो लोकांच्या आठवणीत राहिला. रेकॉर्डचा आवाज चौकातल्या इतर दहा स्पीकरांत मिसळून जातो. घंटा मिसळत नाही. खर्च परवडत असेल तर घंटाच घ्या, अगदी आठ-दहा.

पण घंटेवर काय वाजवायचं, हे वाद्य समजून ठरवावं लागतं. घंटेला मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही; तिचा नाद कापता येत नाही. पहिला स्वर वाजत असतानाच दुसरा त्यावर येऊन बसतो. म्हणून अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर लागोपाठ आले की गढूळपणा होतो. ज्या रागांत असं अंतरच नाही ते घंटांना मानवतात: भूप, दुर्गा, मध्यमाद सारंग. यातही एक बारकावा आहे. ओतीव काशाच्या घंटेत मूळ स्वराबरोबर तिच्याच पोटातून एक कोमल गंधार ऐकू येतो. घंटेच्या आकाराचाच तो गुण आहे. षड्जाची घंटा वाजली की कोमल गंधार हवेत असतोच. भूपाचा शुद्ध गंधार त्याच्यावर आला की कान किंचित आक्रसतो. मध्यमाद सारंगात गंधारच नाही. सा, रे, म, प आणि कोमल नी. शिवाय तो दुपारचा राग. सोलापूरच्या दुपारी बाराला तो घंटांवर जसा मोकळा वाजेल तसं दुसरं काही वाजणार नाही, असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळसाठी दुर्गा ठेवा. एक धैवताची घंटा वाढवली की झालं.

या घंटा कोणी वाजवायच्या? इथे सोलापूरकडे जे आहे ते व्हिएन्नाकडेही नाही. फ्रान्समध्ये व्होकान्सोन नावाचा यंत्रकार होऊन गेला. त्याने १७३८ साली पॅरिसमध्ये खरोखर फुंकून बासरी वाजवणारा यंत्रमानव दाखवला. पुढे त्यालाच रेशीम कारखान्यांचा निरीक्षक नेमलं आणि १७४५ च्या सुमारास त्याने भोकांच्या खुणांवर चालणारा माग बांधला. त्याच मागावरून पुढे जाऊन १८०४ साली जॅकार्डने भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारं आपलं यंत्र उभं केलं. म्हणजे हलत्या मूर्ती आणि सोलापुरी चादर यांचा पूर्वज एकच. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्या पुठ्ठ्यांनी चादरीवर मोर आणि फुलं उठवली, तेच पुठ्ठे घंटा वाजवू शकतात.

रचना सोपी आहे. चादरीच्या मागावर प्रत्येक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हुक सुरीवर, म्हणजे वर उचलणाऱ्या पट्टीवर, राहतो आणि उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि हुक खालीच राहतो. घड्याळात प्रत्येक पुठ्ठा म्हणजे अर्धी मात्रा, आणि हुकाला धाग्याऐवजी हातोड्याची तार. सेकंदाला दोन पुठ्ठे हा मागाच्या सवयीचाच वेग आहे; चाळीस सेकंदांच्या सुरावटीला ऐंशी पुठ्ठे लागतील. मोठ्या घंटेचा हातोडा हुकाला पेलणार नाही, तिथे हुकाने फक्त खटका सोडावा आणि उचलण्याचं काम वजनाने किंवा मोटरने करावं. पुठ्ठा कागदाचा घेऊ नका, पावसाळ्यात फुगतो आणि भोकं सरकतात, प्लास्टिकचे घ्या. हातोड्याखाली एक पातळ स्प्रिंग अशी लावा की तो घंटेला मारून लगेच तीन-चार मिलिमीटर मागे राहील. घंटेवर टेकून राहिलेला हातोडा तिचा नाद गिळतो.

आणि ही पुठ्ठ्यांची माळ जमिनीच्या पातळीवर काचेमागे ठेवा. लोकांना मूर्ती वर दिसतील आणि घंटा वाजवणारी सोलापूरची कला डोळ्यांसमोर. सुरावट बदलायची असेल तर साखर पेठेत किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुना जॅकार्ड चालवलेला माणूस शोधा, तो नवी माळ टोचून देईल. जुने जॅकार्ड भंगारात जात आहेत. एखादं चांगलं यंत्र आत्ताच बाजूला काढून ठेवा, ही माझी विनंती आहे.

मूर्ती कोणाच्या, हे शहराने ठरवायचं; तरी विचारलं आहे म्हणून सांगतो. बारा नकोत, सहा गट पुरेत. प्रत्येक गट दिवसात दोन-तीनदा येईल आणि लोकांच्या ओळखीचा होईल. चार हुतात्मे एकाच पाटावर एकत्र असावेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं गेलं. पण मूर्तीत फाशी दाखवू नका. १९३० च्या मेमधलं, मान वर करून चालणारं सोलापूर दाखवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली इथेच जन्मलेले, खांद्यावर औषधाची पेटी घेऊन. गिरणी कामगार. मागावरचा पद्मशाली विणकर. विडी वळणारी बाई, मांडीवर सूप घेऊन. या शहराचे किती संसार तिच्या बोटांवर चालले ते सोलापूरकरांना सांगायला नको. सहावा पाट नंदीध्वज पेलणाऱ्यांचा, गड्ड्याच्या यात्रेतल्या पांढऱ्या बाराबंदीतला. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांना स्वतःला फिरत्या चक्रावर ठेवू नये असं मला वाटतं. चक्र फिरताना मूर्तीची पाठ लोकांकडे येते, मध्येच वीज गेली तर तशीच राहते. भक्ताला ते बरं दिसणार नाही.

जागा निवडताना हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आठवा. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं आहे. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं ते घड्याळ आकाराने काही प्रचंड नाही. आतून एक छोटा माणूस येतो, टोल देतो आणि परत जातो. तरी बाराच्या आधी तिथे बसायला जागा मिळत नाही, कारण समोर बसायला जागा आहे. चौकाच्या मधोमध वाहतुकीच्या बेटावर हे घड्याळ उभारलंत तर बघणारे रस्त्यात थांबतील आणि महिन्याभरात पोलीस ते बंद करायला सांगतील. पार्क स्टेडियमच्या परिसरासारखी जागा बघा, जिथे दोनशे माणसं रस्ता न अडवता उभी राहतील. इंद्रभुवनसारख्या जुन्या वास्तूच्या भिंतीवर काही टांगू नका. स्वतंत्र मनोरा बांधा. मूर्तींचं तोंड दक्षिणेकडे असावं. वर्षातला बराच काळ आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. मग ऊन मूर्तींवर पडतं आणि बघणाऱ्याच्या पाठीवर. उत्तरेकडे तोंड केलंत तर लोकांना काळ्या सावल्या दिसतील आणि डोळे दिपतील. वर खोल छज्जा हवाच.

मोठी मिरवणूक कधी? स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये शिष्यांची मिरवणूक दुपारी साडेबाराला निघते, कारण ते घड्याळ गावच्या सूर्यावर चालतं आणि तिथला सूर्य सरकारी वेळेच्या अर्धा तास मागे आहे. आपलंही जवळजवळ तसंच आहे. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, सूर्य माथ्यावर यायला सरासरी १२ वाजून २६ मिनिटं होतात. हिवाळ्यात दुपारची मिरवणूक १२ वाजून २६ मिनिटांनी काढली तर तो सोलापूरचा स्वतःचा सरासरी मध्यान्ह होईल, आणि शाळेच्या मुलांना खगोलाचा एक धडा उभ्या उभ्या मिळेल. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणी थांबणार नाही, तेव्हा मुख्य मिरवणूक संध्याकाळी सातला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार घंटा पूर्ण बंद. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर ती जागा सोडून द्या.

मनोऱ्याच्या आत माणूस ताठ उभा राहून दोन्ही हातांनी काम करू शकेल एवढी जागा, पक्का जिना आणि दिवा ठेवा. आराखडा काढणारे ही जागा नेहमी कापतात, कारण ती बाहेरून दिसत नाही. ज्या घड्याळात झोपून पाना फिरवावा लागतो त्याला कोणी वंगण घालत नाही. कबुतरांसाठी सगळ्या फटींना जाळी, आणि कमानीला मिरवणुकीच्या वेळीच उघडणारी झडप. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वारी, पगारावर ठेवलेला एक माणूस आत गेला पाहिजे; त्याच्या हाताखाली एक तरुण शिकत असावा. उद्घाटनाच्या खर्चाएवढी रक्कम या दोघांसाठी बँकेत ठेवा, तिला हात लावू नका.

सगळ्यात आधी मात्र एक स्वस्त काम करा. प्लायवूडची एकच मूर्ती खऱ्या मापाची कापा, ठरवलेल्या जागी तेवढ्याच उंचीवर परांचीवर उभी करा आणि दोरीने चाळीस सेकंदांत चार मीटर ओढा. खाली एक म्हातारा माणूस आणि एक दहा वर्षांचं मूल उभं करून दोघांना काय दिसलं ते विचारा. चेहरा ओळखू आला नाही तर मूर्ती मोठी करा किंवा मनोरा बुटका करा. ते माप, जागेची दिशा आणि प्रत्येक गटाचं अंदाजे वजन मला कळवा. बेअरिंग, मोटर आणि घंटांची वजनं त्यावरून काढून देतो.